अर्धा शब्द

"याला म्हणतात गो..."

"ल!"

"याला म्हणतात चौ..."

"कोन!"

"आणि याला म्हणतात त्रि..."

"कोण!" सव्वीस पोरं एका दमात ओरडायची आणि पत्र्यावरची कबुतरं फडफडून उडायची. त्या सव्वीस आवाजांत एक आवाज कायम सगळ्यांच्या वर असायचा. तो तनुजा बंडगरचा. वय साडेचार, दोन शेंड्या, गालावर आईनं लावलेली काजळाची तीट, आणि डोळे असे टपोरे की पाणी भरायला निघालेली बाईसुद्धा घागर खाली ठेवून तिच्यावरून बोटं मोडायची.

तेरा वर्षं झाली याला. अंगणवाडीतून मी निवृत्त झाले त्यालाही आता सात वर्षं होतील. वस्तीवर अजून मला सगळे 'बाई'च म्हणतात. माझं नाव अनसूया आहे हे निम्म्या लोकांना ठाऊक नसेल.

आमची वस्ती सांगलीच्या पूर्वेला, माळावर. द्राक्षबागा आणि बेदाण्याची शेडं, बाकी कुसळं. बेदाण्याच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून मी आकारांची कार्डं केली होती. लाल गोल, हिरवा चौकोन, पिवळा त्रिकोण, निळा आयत. भाकरी गोल, खिडकी चौकोन, बिरोबाच्या देवळावरचं निशाण त्रिकोण. अर्धा शब्द मी टाकायचा, उरलेला पोरांनी उचलायचा. माझ्या शाळेतल्या बाईंनी मला असंच शिकवलं होतं, आणि त्यांना त्यांच्या बाईंनी. यात शिकवणं किती आणि ओरडणं किती, असं कुणी विचारलं असतं तर मी त्याला उभं झाडलं असतं.

त्याला कारणही होतं. आदल्या वर्षी आमच्या पर्यवेक्षिका आल्या, पोरांना दोन प्रश्न विचारले, आणि पोरं आपली अंगठा चोखत बसली. बाईसाहेब माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय हो, मुकी पोरं गोळा केलीत का?" बरोबर आलेल्या दोन सेविका तोंडाला पदर लावून हसल्या. मला ते फार लागलं. त्या दिवसापासून मी पोरांच्या हात धुऊन मागे लागले. कोणीही येवो, माझी पोरं बोललीच पाहिजेत.

मार्चचा महिना होता. शेडांत बेदाण्याचा हंगाम ऐन भरात. सकाळी नवाच्या आत बायका पोरांना माझ्याकडे सोडून बेदाणा निवडायला जायच्या. तनूची आई शेवंता त्यांतलीच. नवरा मेंढरं घेऊन कर्नाटकात उतरलेला, घरात ही आणि पोरगी. त्या सकाळी बाकीच्या बायका पुढे गेल्या तरी ती दारातच घुटमळत राहिली.

"काय गं?"

"बाई, तनीच्या डोळ्यांतनं लई पाणी गळतंय. उन्हात गेली की डोळंच उघडत न्हाई, पदरात तोंड खुपसती. परवा उंबऱ्याला आडकून पडली. रोजचा उंबरा, बाई. आंधळ्यागत पडली बगा."

"पोरं पडतातच गं. चालताना लक्ष कुठं असतं त्यांचं?"

"माजा भाऊ म्हनतूय, सोमवारी गाडीवर बसवून मिरजेला नेऊ. डोळ्याचा मोठा दवाखाना हाय तितं. मी मुकादमाला इचारून ठेवलंय."

मी विचार केला. विचार कसला, तोंडाला आलं ते बोलले. "अगं, गुरुवारी आपल्याकडे पोरांच्या तपासणीचं पथक येतंय. डॉक्टर येणार, डोळे, कान, दात, सगळं बघणार. त्यांनी सांगितलं तर जा मिरजेला. तिथं सकाळी रांगेत उभं राहायचं आणि संध्याकाळी त्यांनी धूळ गेलीय म्हणायचं, त्यापेक्षा दारी आलेल्या डॉक्टरला दाखवलेलं काय वाईट?"

शेवंताचा चेहरा सुटल्यासारखा झाला. "तुमी जातीनं दाखवाल न्हवं?"

"दाखवते की."

"मग मी सोमवारचं तुमच्यावर ठिवलं, बाई. तुमी जा म्हनला तर जाते, न्हाई म्हनला तर न्हाई."

गुरुवारी पथक दहाला येणार होतं, ते आलं दीडला. डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी, पल्लवी नाईकनवरे. कंत्राटी नोकरी, पहिलंच वर्ष. सकाळपासून तीन अंगणवाड्या करून आली होती आणि अजून दोन राहिल्या होत्या. घामानं चेहरा लाल झालेला. तिनं पिशवी उघडली आणि कपाळावर हात मारला. डोळे तपासायचा चित्रांचा तक्ता मागच्या गावात भिंतीवरच राहिला होता.

"आता काय करू?" ती स्वतःशीच म्हणाली. मग भिंतीकडे बघून तिचा चेहरा उजळला. "बाई, ही आकारांची कार्डं तुमची ना? पोरांना येतात?"

"येतात म्हणजे! विचारून तर बघा, मॅडम."

"मग यांच्यावरच भागवू. मी फळ्यापाशी उभी राहते, तुम्ही मुलाला दारापाशी उभं करा, एका डोळ्यावर हात ठेवा. नुसतं नाव सांगायचं."

हौसाक्का, आमच्या मदतनीस, बाहेर ओसरीवर वजनकाट्यापाशी पोरं आवरत होत्या. आत आम्ही दोघी आणि समोरचं एकेक पोर. कार्ड वर गेलं की पोरगं नाव सांगायचं. चौकोन, गोल, आयत. डॉक्टर मान डोलवायची, पुढचा म्हणायची. सातवं-आठवं पोर झालं तशी ती म्हणाली, "बाई, कमाल आहे तुमची. मागच्या गावात पोरांनी तोंडच उघडलं नाही हो." मला तर आभाळ ठेंगणं झालं. मनातल्या मनात मी पर्यवेक्षिकाबाईंना हे ऐकवूनसुद्धा टाकलं.

मग तनूची पाळी आली. मी आधीच सांगितलं, "मॅडम, हिला जरा नीट बघा. आईची तक्रार आहे. डोळ्यांतून पाणी येतं म्हणते, पडते म्हणते."

"बघू या. उजवा डोळा झाका."

मी झाकला. डॉक्टरनं पिवळं कार्ड वर धरलं. तनू गप्प.

"काय आहे हे, बाळ?"

तनू गप्पच. तिचं तोंड कार्डाकडे नव्हतं, थोडं खिडकीकडे वळलेलं होतं. मी हनुवटी धरून ते सरळ केलं. तरी गप्प. माझी सगळ्यांत खणखणीत पोरगी, आणि नेमकी हीच मुकी! माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

"याला म्हणतात त्रि..." मी म्हटलं.

"कोण!" तनू ओरडली.

डॉक्टर हसली. "बाई, तुम्ही सांगायचं नाही हं."

"नाही, मॅडम. बुजलीय ती. येतं तिला सगळं."

दुसरं कार्ड वर गेलं. या वेळी मी मोठ्यानं बोलले नाही. तिच्या कानाशी वाकले होते, तिथंच नुसता ओठांतल्या ओठांत 'चौ' केला. "चौकोन!" पोरगी म्हणाली. मग 'गो'. "गोल!" दुसऱ्या डोळ्यालाही तसंच. पोरगी हसत होती. आपल्याला सगळं येतंय याचा तिला आनंद झाला होता, आणि मलाही.

डॉक्टरनं जवळ येऊन टॉर्च मारला. तनूनं डोळे गच्च मिटले आणि माझ्या पोटात तोंड खुपसलं. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा तेच. बाहेर गाडीचा ड्रायव्हर भोंगा वाजवायला लागला होता.

"आई कुठं कामाला जाते?"

"बेदाण्याच्या शेडवर. दुपारनंतर पोरगीही तिथंच असते."

"मग बरोबर. तिथं गंधकाची धुरी देतात ना? डोळे चुरचुरणारच. दिसतंय तर व्यवस्थित. थेंब देते, दिवसातून तीनदा घाला. शेडवर नेऊ नका म्हणावं." तिनं कागदावर लिहिलं, दृष्टी सामान्य. खाली तिनं सही केली. सेविकेच्या रकान्यात मी केली.

संध्याकाळी शेवंता धावतपळत आली. हाताला बेदाण्याचा चिकटा तसाच.

"बगितलं का वो?"

"बघितलं. एकेक डोळा झाकून बघितलं. एकूणएक आकार ओळखले तिनं, दहा पावलांवरून. गंधकानं पाणी येतंय म्हणाल्या. थेंब दिलेत, आणि हा कागद."

"आनि मिरज?"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "काही गरज नाही."

शेवंता मटकन खाली बसली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. "रातभर झोप न्हवती, बाई. काय बी भलतंसलतं मनात यायचं. तुमचं लई उपकार झालं." तिनं तनूला उचललं, तिच्या त्या टपोऱ्या डोळ्यांचे मुके घेतले आणि गेली. तनू तिच्या खांद्यावरून मला हात हलवत होती. खरं तर ती दाराच्या चौकटीला हात हलवत होती, मी दोन हात बाजूला उभी होते. मी ते पाहिलं, आणि वाकून कार्डं गोळा करायला लागले.

थेंब संपले. शेवंतानं आणखी दोनदा विचारलं, मी दोन्हीदा तेच सांगितलं, डॉक्टरांनी बघितलंय ना? तनू हळूहळू एका जागी बसायला लागली. खेळायला उठायची नाही. मी म्हणायचे, शहाणी झाली. अंगणवाडीत ज्या पोराचा त्रास नाही ते पोर शहाणं, ही आमची जुनी व्याख्या. आवाज मात्र तिचा तसाच, सगळ्यांच्या वर.

दिवाळीची सुट्टी संपून चार दिवस झाले होते. हौसाक्का खिचडी वाढत होत्या. त्या एकदम पातेलं खाली ठेवून माझ्याकडे आल्या.

"बाई, जरा हिकडं या. ह्या पोरीची थाळी मी हितनं तितं सरकवली, तर ही पयल्याच जागी हात फिरवत बसलीया. हिला दिसत न्हाई, बाई."

"काहीतरीच काय! सकाळी सगळे आकार सांगितले तिनं."

"तुमी एकदा इचारा तरी."

मी कार्डं घेतली, पिसली, आणि तनूच्या पुढ्यात बसले. हातभर अंतरावर. वरचं कार्ड निळं होतं. आयत. ते तिच्या नाकासमोर धरलं आणि म्हटलं, "तनू, हे काय आहे?"

तनू हसली. हसून वाट बघत राहिली. मी काहीच बोलले नाही.  तिनं मान जरा तिरकी केली, कान माझ्याकडे केला, आणि लाडानं म्हणाली, "बाई, तुमी म्हना की आदी."

 मी लाल कार्ड धरलं, हिरवं धरलं, मग कार्डं टाकून देऊन नुसती बोटं तिच्या डोळ्यांपुढे नाचवली. ती टपोरी बुबुळं हललीसुद्धा नाहीत. तिला वाटलं, खेळ चाललाय. ती पुन्हा म्हणाली, "म्हना की."

त्याच दुपारी आम्ही मिरज गाठलं. शेवंता, तिचा भाऊ, मी आणि पोरगी. तिथल्या डॉक्टरांनी तिला दीड तास तपासलं. काचबिंदू, ते म्हणाले. शेवंता म्हणाली, तो म्हाताऱ्या माणसांना होतो न्हवं? लहान पोरांनाही होतो, डॉक्टर म्हणाले, जन्मापासून असतो कधी कधी, आत दाब वाढत जातो आणि म्हणूनच डोळा असा मोठा होत जातो. उजव्यात काही उरलेलं नाही. डाव्यात उजेड-अंधार कळतोय तेवढाच.

"ऑपरेशन करून?" भावानं विचारलं.

"दाब उतरेल, दुखणं थांबेल. गेलेली नजर येत नाही." मग त्यांनी कागद चाळत, सहजच विचारावं तसं विचारलं, "मार्च-एप्रिलमध्ये का नाही आणलीत? डावा वाचला असता."

शेवंतानं कंबरेच्या पिशवीतून तो घडी घातलेला कागद काढला. दृष्टी सामान्य. सात महिने तिनं तो जपून ठेवला होता. डॉक्टरांनी तो वाचला आणि परत तिच्या हातात दिला.  परतीच्या एस.टी.त तनू माझ्या मांडीवर झोपली होती, आणि मी ठरवत होते की वस्तीवर उतरल्याबरोबर शेवंताला सांगायचं. उतरल्यावर ठरवलं, उद्या सांगू.

उद्या उजाडायच्या आत वस्ती पेटली. कागद शेवंताच्या भावानं सगळ्यांना दाखवला होता. "न तपासताच सही ठोकली त्या डॉक्टरणीनं!" तालुक्याला निवेदन गेलं, पेपरात चार ओळी आल्या, आणि पंधरा दिवसांत चौकशी लागली. चौकशीला एक अधिकारी आले, तेही अंगणवाडीतच. माझ्याच टेबलावर त्यांनी कागद मांडले. एका बाजूला शेवंता, मांडीवर तनू. दुसऱ्या बाजूला ती डॉक्टर मुलगी. आठ महिन्यांत ती वाळून गेली होती. भिंतीला टेकून मी उभी.

"तपासलं होतं की नव्हतं?" साहेबांनी तिला विचारलं.

"तपासलं होतं, सर. दोन्ही डोळे, वेगवेगळे. मुलीनं बरोबर उत्तरं दिली होती. बाई होत्या तिथं."

"तक्ता वापरलात?"

"तक्ता... नव्हता. कार्डं वापरली. बाईंची."

साहेब माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही हजर होतात. मुलीनं आकार स्वतः ओळखले का?"

डॉक्टर माझ्याकडे बघत होती. तिला माहीत होतं. पहिला शब्द तिनं कानांनी ऐकला होता, हसून मला थांबवलंही होतं, आणि तरी गाडीचा भोंगा वाजतोय म्हणून पुढे गेली होती. ते आता ती बोलणार कशी? बोलली असती तर साहेबांनी तिलाच विचारलं असतं, मग सही कशी केलीत? तिची सुटका होती ती फक्त माझ्या तोंडात. आणि माझ्या डोळ्यांपुढे दारात जमलेली सगळी वस्ती होती. बावीस वर्षं त्यांनी मला बाई म्हटलं होतं.

"नुसती कार्डं वर धरली, साहेब," मी म्हटलं. "पोरगी बोलली. आपल्याला त्यातलं काय कळतं? घाई होती त्यांना, एवढं खरं."

"पण आकार तिनं स्वतः ओळखले?"

"हो, साहेब."

 तेवढ्यात तनूचा तो वरचा, खणखणीत आवाज आला. "न्हाई. बाई आदी म्हनल्या, मग मी म्हनलं."

 डॉक्टर खुर्चीत पुढे सरकली. साहेबांनी पेन थांबवलं आणि मान वर केली. मला वाटलं, सुटले. देवाशप्पथ सांगते, क्षणभर मला सुटल्यासारखंच वाटलं.

शेवंतानं पोरीच्या केसांवरून हात फिरवला. "व्हय गं माजी बाय. बाईंनीच शिकीवलं तुला समदं. आता साह्यबांना बोलू दे." मग साहेबांना म्हणाली, "लई जीव हाय तिचा बाईंवर. गोल, चौकोन, घरी बी दिसभर तेच चालू असतंय."

दारातल्या बायका चुकचुकल्या. साहेबांनीही मान हलवली, पोरीकडे बघून उसासा टाकला, आणि पेन पुन्हा चालू झालं. डॉक्टर मागे टेकली.  त्यांनी जबाब वाचून दाखवला, कागद माझ्यापुढे सरकवला, आणि मी सही केली. महिनाभरानं तिचं कंत्राट संपवल्याचं कळलं. पुढे ती कुठं गेली, मी कधी विचारलं नाही.

साहेबांची जीप निघून गेली. बायका पांगल्या. शेवंता तेवढी ओसरीच्या पायरीवर बसून होती, तनूला चप्पल घालत. मी दार ओढून घेतलं आणि तिच्या शेजारून उतरायला लागले, तेव्हा तिनं माझा हात धरला. 

"बाई, तुमी शिकलेल्या हायसा. मला एक सांगा." तिचा आवाज अगदी शांत होता. "माज्या लेकराचं ज्यानं वाटोळं केलं, त्याचं कधी भलं हुईल का?"

तनूही तोंड वर करून ऐकत होती.

"नाही होणार," मी म्हटलं.